कोळशाचें तेल आणि कोबाल्टचें ऋण

सॅक्सनीच्या डोंगरांतील चांदीच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांना पूर्वी एक खनिज वारंवार सांपडत असे. दिसावयास तें चांदीच्या खनिजासारखें चकाके; परंतु भट्टींत घालून तापविलें कीं, त्यांतून चांदी तर निघत नसेच, उलट सोमलाचा विषारी धूर निघून माणसें आजारी पडत. खाणींत वसणारें एखादें खट्याळ भूत खरी चांदी चोरतें व तिच्या जागीं हा टाकाऊ दगड ठेवून देतें, अशी त्या भोळ्या लोकांची समजूत झाली. अशा भुताला त्यांच्या भाषेंत ‘कोबोल्ड’ म्हणत. तेंच नांव त्या दगडासहि चिकटलें. पुढें सन १७३५ च्या सुमारास स्वीडनमधील गेओर्ग ब्रांट ह्या रसायनशास्त्रज्ञानें त्या खनिजांतून एक नवीन धातु निराळा करून दाखविला. नांव मात्र भुताचेंच राहिलें : कोबाल्ट. कांचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना गर्द निळा रंग देणें, एवढाच ह्या खनिजाचा उपयोग लोकांना कित्येक पिढ्या ठाऊक होता. ब्रांटच्या शोधानंतर दोनशें वर्षांनीं त्याच धातूवर जर्मन राष्ट्रानें आपल्या मोटारगाड्यांची व डीझेल इंजिनांची पुष्कळशी भिस्त ठेवावी, आणि त्या भुतानें त्या राष्ट्राला एका नव्याच रीतीनें अडवून धरावें, हा इतिहासांतील एक विलक्षण योग होय.

दगडी कोळसा व खनिज तेल हीं दोन्ही भूमीच्या पोटांतील धनें. परंतु निसर्गानें त्यांची वांटणी सारखी केलेली नाहीं. जर्मनींतील रूर नदीच्या खोऱ्यांत कोळसा अमाप होता. तेलाच्या विहिरी मात्र नांवापुरत्या. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, ब्रिटिश आरमारानें समुद्राचे मार्ग रोखले, आणि तेलावांचून इंजिनें कशीं चालवावयाचीं हा प्रश्न त्या राष्ट्रापुढें उभा राहिला. घरांत धान्याचीं कोठारें भरलेलीं असावींत आणि दिव्यांत घालावयास मात्र तेलाचा थेंब नसावा, तशी ही अवस्था होती. कोळशाचेंच तेल करतां आलें तर परक्यांच्या दारीं जाण्याचें कारण उरणार नाहीं, हा विचार तेथील शास्त्रज्ञांच्या मनांत तेव्हांपासून घोळूं लागला.

ह्या कामीं दोन मार्ग निघाले. पहिला फ्रीडरिख बर्गियस ह्याचा. त्यांत कोळशाची पूड करून तिच्यावर प्रचंड दाबाखालीं हायड्रोजन वायूचा प्रयोग करीत व कोळशाचा सरळ द्रव बनवीत. दुसरा मार्ग आडवळणाचा, परंतु अधिक नाजूक. त्यांत प्रथम कोळशाचा कोक करून तो लाल तापवावयाचा व त्यावरून पाण्याची वाफ सोडावयाची. तसें केलें म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन ह्या दोन वायूंचें मिश्रण तयार होतें. हायड्रोजनचें प्रमाण वाढवून दुसऱ्याच्या दुप्पट केलें म्हणजे त्याला संश्लेषण-वायु असें म्हणतात. ह्या वायूच्या अणूंची पुन्हां नवी जुळणी करून त्यांच्या लांब सांखळ्या गुंफल्या, तर पेट्रोल, डीझेल तेल व मेण हे पदार्थ मिळतात. म्हणजे कोळशाचें घर आधीं पार मोडावयाचें आणि त्याच विटांनीं दुसरें घर बांधावयाचें, असा हा प्रकार होय.

परंतु हे दोन वायु नुसते एकत्र ठेवल्यानें ही जुळणी होत नाहीं. त्यांना मध्यस्थ लागतो. ज्याच्या सान्निध्यांत रासायनिक क्रिया घडून येते किंवा वेगानें होते, परंतु जो स्वतः त्या क्रियेंत खर्चीं पडत नाहीं, अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळविणारा मध्यस्थ दोन्ही घरांचा संबंध घडवून आणतो व पुढील लग्नासाठीं मोकळा राहतो, तसेंच ह्याचें आहे. मात्र मध्यस्थ जसा असेल तशी सोयरीक होते. सन १९०२ मध्यें साबात्ये व सांदराँ ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं ह्याच वायूंवर निकल धातूचा प्रयोग केला, तेव्हां त्यांना तेल मिळालें नाहीं; मिथेन नांवाचा जळाऊ वायु मिळाला. तेव्हां सगळा प्रश्न येऊन ठेपला तो उत्प्रेरकावर. कोणता धातु घ्यावा, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे तो कोणत्या रीतीनें तयार करावा?

रूर नदीच्या कांठीं म्यूलहाइम हें गांव आहे. तेथें कोळशाच्या संशोधनासाठीं कैसर विल्हेल्म संस्थेची एक शाखा स्थापन झाली व १९१४ च्या जुलै महिन्यांत, महायुद्धाच्या अगदीं उंबरठ्यावर, तिचें उद्घाटन झालें. फ्रान्झ फिशर हे तिचे पहिले संचालक. पुढें बोहेमियांत जन्मलेले हान्स ट्रॉप्श हे त्यांना सहकारी मिळाले. ह्या दोघांनीं १९२२-२३ च्या सुमारास प्रथम लोखंडाचा प्रयोग केला. चारशें अंश सेंटिग्रेडच्या वर उष्णता व शंभर वातावरणांहून अधिक दाब लावला असतां एक तेलकट द्रव मिळाला. पण त्यांत मद्यार्कें व आम्लें ह्यांचाच भरणा अधिक होता. तेव्हां त्यांनीं दाब सोडूनच दिला. १९२५ सालीं नेहमींच्या हवेच्या दाबाखालीं, तीनशें अंशांहून कमी उष्णतेवर, लोखंड व कोबाल्ट ह्यांच्या मिश्रणांवरून तो वायु सोडल्यावर नळीच्या शेवटीं खऱ्या पेट्रोलच्या जातीचें तेल ठिबकूं लागलें. १९२६ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला आणि ‘फिशर-ट्रॉप्श पद्धति’ हें नांव रसायनशास्त्रांत कायमचें रूढ झालें.

तेल ठिबकलें खरें, पण तें फार थोडें. आणि उत्प्रेरक लौकरच थकून जाई. वायूंत गंधकाचा अंश राहिला तर तो विषासारखा बाधे. शंभर घनमीटर वायूंत एक-पंचमांश ग्रॅमहून अधिक गंधक असतां कामा नये, इतकी स्वच्छता पुढें कारखान्यांत पाळावी लागली. हान्स ट्रॉप्श हे १९२८ सालीं म्यूलहाइम सोडून प्रागला व तेथून अमेरिकेस गेले. १९३५ सालीं आजारी होऊन ते जर्मनीस परतले आणि त्याच वर्षीं वारले. ज्या पद्धतीला त्यांचें नांव लाभलें तिचा पहिला मोठा कारखाना चालू झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

म्यूलहाइम येथील काम ओटो रोलेन, हर्बर्ट कोख, कार्ल मायर ह्या तरुण मंडळींनीं चालविलें. धातूला कशाची तरी जोड दिली पाहिजे व तो कशावर तरी पसरला पाहिजे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. शुद्ध धातूचे कण उष्णतेनें एकमेकांस चिकटतात व त्यांचा पृष्ठभाग कमी होतो. आणि क्रिया तर पृष्ठभागावरच व्हावयाची. त्यासाठीं आधार म्हणून त्यांनीं कीझेलगूर नांवाची माती घेतली. प्राचीन काळीं पाण्यांत वाढलेल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची ही माती हलकी व सच्छिद्र असते. जर्मनींतील ल्यूनेबुर्गच्या माळरानांत तिचे मोठे साठे होते. जोड म्हणून थोरियमचें भस्म घेतलें. पेट्रोमॅक्सच्या बत्तींतील जी जाळी प्रखर उजेड देत असे, ती ह्याच भस्माची बनविलेली असे.

धातूंत निवड करावयाची होती ती निकल व कोबाल्ट ह्यांत. निकल स्वस्त व सुलभ; कोबाल्ट महाग व दुर्मिळ. साहजिकच प्रथम निकलचें नशीब आजमावून पाहण्यांत आलें. १९३४ सालीं ह्या पद्धतीचे हक्क रूरकेमी नांवाच्या कंपनीनें घेतले व ओबरहाउझेनजवळ होल्टेन येथें वर्षाला एक हजार टन तेल देणारा प्रायोगिक कारखाना उभारला. रोलेन हेहि त्याच वर्षीं तेथें गेले. प्रयोगशाळेच्या नळींत शहाण्यासारखें वागणारें निकल मोठ्या भट्टींत हट्टास पेटलें. तेलाऐवजीं मिथेनच फार होई. शिवाय कार्बन मोनॉक्साइडशीं संयोग पावून निकलचा कांहीं अंश वायुरूपानें उडून जाई. म्हणजे मध्यस्थच वऱ्हाडाबरोबर पळून जाऊं लागला! शेवटीं कंपनीनें निकल सोडलें आणि महाग असला तरी कोबाल्टचा हात धरला. कोळशाच्या स्वावलंबनाला परक्या धातूची गांठ पडली ती येथें.

हा उत्प्रेरक कसा तयार करीत, हें पाहण्यासारखें आहे. कारण तेलाचें सगळें यश त्या कृतींत सांठविलेलें होतें. १९३८ च्या सुमारास जें प्रमाण कायम ठरलें तें असें : कोबाल्ट शंभर भाग, थोरियमचें भस्म पांच भाग, मॅग्नेशियमचें भस्म आठ भाग व कीझेलगूर दोनशें भाग. आरंभीं थोरियम अधिक असे. पुढें त्याच्या बऱ्याचशा वाट्याची जागा स्वस्त मॅग्नेशियमनें घेतली.

प्रथम हे तिन्ही धातु नायट्रिक ॲसिडांत विरघळवून त्यांचें द्रावण करीत व तें उकळीस आणीत. दुसऱ्या पात्रांत धुण्याच्या सोड्याचें तितकेंच कढत द्रावण तयार असे. दोन्ही एकदम एकत्र करून जोरानें ढवळीत, म्हणजे धातु सांक्याच्या रूपानें खालीं बसूं लागत. आणि त्याच क्षणीं आंत कीझेलगूर टाकीत. येथें रेंगाळून चालत नसे. पाक पुढें गेला तर वडी जशी हातची जाते, तसा सांका बसण्यास उशीर लागला तर कण मोठे होत व उत्प्रेरक मंद पडे. कीझेलगूरमध्यें लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा अंश अधिक असला तरीहि काम बिघडे. म्हणून माती पारखून व आधीं भाजून घेत. मग तो सांका गाळून, सोड्याचा अंश निघून जाईपर्यंत शुद्ध पाण्यानें पुनःपुन्हां धुवून, एकशेंदहा अंशांच्या सुमारास वाळवून त्याचे एक ते तीन मिलिमीटरचे दाणे करीत.

ह्या दाण्यांत कोबाल्ट असे, परंतु धातूच्या रूपांत नसे. त्याला धातूचें रूप देण्यासाठीं तीन भाग हायड्रोजन व एक भाग नत्रवायु ह्यांचा झोत चारशें ते चारशेंसाठ अंशांवर त्या दाण्यांच्या उथळ थरांतून मोठ्या वेगानें सोडीत. हें काम तासाभरांत आटोपतें घेत. सगळ्या कोबाल्टचा धातु झाला तर बरें, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु अनुभव उलट आला. साधारण साठ टक्के कोबाल्ट धातुरूप झालें कीं थांबावें. त्यापुढें तापविल्यास कण एकमेकांत मिसळून निकामी होतात. अर्धवट सोडण्यांतच येथें पूर्णता होती. असा तयार झालेला दाणा इतका तापट असे कीं, उघड्या हवेचा स्पर्श होतांच पेटावा. म्हणून त्याला कार्बन डायऑक्साइडच्या आवरणांत, हवाबंद डब्यांत घालून भट्टीपर्यंत नेत.

भट्टी म्हटल्यावर ज्वाळा डोळ्यांपुढें येतात. परंतु ही भट्टी म्हणजे एक प्रकारें थंड करण्याचेंच यंत्र होतें. एक घनमीटर वायूचें तेल होतांना सुमारें सहाशें किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तेवढ्यांत सहासात लिटर पाणी उकळीस येईल. ही उष्णता तत्काळ काढून घेतली नाहीं, तर कोबाल्टहि तेलाऐवजीं मिथेन देऊं लागतें आणि स्वतः करपून जातें. म्हणून सुमारें पांच मीटर लांबीच्या लोखंडी पेटींत साडेपांचशेंच्या वर पत्रे सात-सात मिलिमीटरांच्या अंतरानें उभे करीत. त्यांतून सहाशें नळ्या आडव्या ओवीत व नळ्यांतून दाबाखालीं उकळतें पाणी खेळवीत. उत्प्रेरकाचे दाणे त्या पत्र्यांच्या फटींत भरलेले असत. वाफेचा दाब कमीजास्त करून १८० ते २०० अंशांच्या आसपास उष्णता राखीत. अशा एका पेटींत दहा घनमीटर उत्प्रेरक मावे व त्यांत एक टनाच्या आसपास कोबाल्ट असे. तिच्यांतून दिवसाला मिळे सुमारें दोन टन तेल. म्हणजे एक टन कोबाल्ट अडकवून ठेवावें, तेव्हां पांच महिन्यांत तीनशें टन तेल पदरांत पडे.

ह्या हिशेबाचें महत्त्व लौकरच कळून आलें. १९३६ च्या ऑगस्टमध्यें हिटलरनें आपल्या गुप्त टिपणांत इंधनाच्या बाबतींत अठरा महिन्यांच्या आंत स्वयंपूर्ण होण्याची आज्ञा केली. त्याच वर्षीं फिशर-ट्रॉप्श पद्धतीचे पहिले मोठे कारखाने चालू झाले. दुसरें महायुद्ध पेटलें तेव्हां होल्टेन, मोर्स, कास्ट्रोप-राउक्सेल, वाने-आयकेल, बेर्गकामेन, डॉर्टमुंड, श्वार्त्सहाइडे, ल्युत्सकेनडोर्फ व ओडरटाल येथें मिळून नऊ कारखाने उभे होते, आणि नऊच्या नऊ कोबाल्टवर चालत. त्यांचें वार्षिक उत्पन्न सहा लाख टनांच्या आसपास जाऊन थांबलें. बर्गियसच्या मार्गानें मिळणारें तेल ह्याच्या कितीतरी पट होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. फिशर-ट्रॉप्शचें पेट्रोल इंजिनांत ठोके देई. परंतु डीझेल तेल उत्कृष्ट निघे. त्याच्या मेणापासून साबण, आणि टंचाईच्या काळांत खाण्याची कृत्रिम चरबीसुद्धां केली गेली. ह्याच कोबाल्टच्या अभ्यासांत १९३८ सालीं रोलेन ह्यांना असें आढळलें कीं, संश्लेषण-वायूंत एथिलीन मिसळलें तर एक अगदीं निराळाच पदार्थ, प्रोपिऑनाल्डिहाइड, तयार होतो. त्या अकल्पित शोधांतून पुढें एक स्वतंत्र उद्योग जन्मास आला.

आतां ह्या चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. कोळसा घरचा होता, पाणी घरचें होतें, माती घरची होती, बुद्धिहि घरची होती. कोबाल्ट मात्र घरचें नव्हतें. जगाला तें मुख्यतः मिळे तें आफ्रिकेंतील बेल्जियन काँगोच्या कटांगा प्रांतांतून व शेजारच्या उत्तर ऱ्होडेशियांतून. हत्यारांचें पोलाद व चुंबक ह्यांसाठींहि हाच धातु हवा असे. परक्यांच्या तेलापासून सुटका व्हावी म्हणून जी पद्धति उभारली, ती परक्यांच्या धातूवर उभी राहिली होती. म्हणून जुन्या उत्प्रेरकाचा दाणा दाणा जपावा लागे. मेण सांचून तो मंद झाला म्हणजे हलक्या तेलानें धुवून व हायड्रोजन देऊन त्याला पुन्हां ताजा करीत. चारसहा महिन्यांनीं तो अगदींच थकला म्हणजे ॲसिडांत विरघळवून, लोखंड वगैरे मळ काढून, कोबाल्ट व थोरियम परत मिळवीत आणि त्याच धातूचा नवा उत्प्रेरक करीत. सोनाराच्या दुकानांतील केरहि जसा फुंकून टाकीत नाहींत, तशी ही काटकसर होती.

लोखंडाचें उत्प्रेरक साधलें असतें तर हा पाश तुटला असता. १९४३ सालीं श्वार्त्सहाइडे येथें निरनिराळ्या संस्थांनीं बनविलेल्या सहा लोखंडी उत्प्रेरकांची सरकारी परीक्षा सुरू झाली. परंतु तोंपर्यंत वेळ निघून गेली होती; युद्ध संपेपर्यंत एकहि कारखाना लोखंडावर चढला नाहीं. १९४४ च्या मे महिन्यापासून मित्रराष्ट्रांच्या विमानांनीं तेलाच्या कारखान्यांचा पिच्छा पुरविला. त्या उन्हाळ्यांत श्वार्त्सहाइडे येथें ऑश्विट्झहून सुमारें एक हजार ज्यू कैदी आणण्यांत आले व बाँबनें उद्ध्वस्त झालेला कारखाना सांवरण्यासाठीं त्यांना राबविण्यांत आलें. त्यांतील कित्येक पुन्हां घरीं परतले नाहींत. अंशाअंशानें उष्णता मोजणाऱ्या, कणाकणानें धातु जपणाऱ्या त्या व्यवस्थेला माणसांचा हिशेब मात्र ठेवावासा वाटला नाहीं. १९४५ च्या वसंतांत सगळ्या भट्ट्या थंडावल्या. फ्रान्झ फिशर १९४७ च्या डिसेंबरांत वारले.

पद्धति मात्र मेली नाहीं. युद्धानंतर विजयी राष्ट्रांच्या तंत्रज्ञांनीं ह्या कारखान्यांचे कागद व कृति बारकाईनें तपासल्या. दक्षिण आफ्रिकेनें १९५५ सालीं आपल्या कोळशापासून तेल काढण्यास आरंभ केला तो लोखंडाच्या उत्प्रेरकावर. कारण लोखंड स्वस्त व सर्वत्र मिळणारें. कोबाल्टला पुन्हां बरे दिवस आले ते नैसर्गिक वायूच्या युगांत. मलेशियांतील बिंटुलु येथें १९९३ सालीं शेल कंपनीनें नैसर्गिक वायूपासून तेल करण्याचा कारखाना काढला तो कोबाल्टच्या आधारानें. आणि कतारमध्यें २०११ सालीं त्याच कंपनीचा, दिवसाला एक लाख चाळीस हजार पिंपें तेल देण्याच्या शक्तीचा, प्रचंड कारखाना चालू झाला. आधाराचे पदार्थ बदलले, भट्ट्या बदलल्या. परंतु धातूचे सूक्ष्म कण सच्छिद्र आधारावर पसरावेत, हायड्रोजननें ते जागे करावेत, गंधकापासून जपावेत व निघणारी उष्णता तत्काळ काढून घ्यावी, हा म्यूलहाइम-होल्टेनचा धडा तसाच राहिला आहे.

आणि तें जुनें ऋणहि तसेंच राहिलें आहे. जगांत खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक आजहि काँगोच्या भूमींतून निघतें, आणि आतां तर विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्याहि त्याचीच मागणी करीत आहेत. एका वस्तूच्या बाबतींत परावलंबन सोडावें, तों दुसरी एखादी लहानशी वस्तु पायांत अडकते. ती वस्तु टनांनीं मोजली जात नाहीं म्हणून नजरेंत भरत नाहीं. परंतु तिच्यावांचून कोळशाच्या राशी नुसत्या राशीच राहतात. राष्ट्राच्या स्वावलंबनाचा हिशेब मांडतांना कोठारांत काय आहे एवढेंच पाहून चालत नाहीं. त्या कोठाराची किल्ली कोणाच्या भूमींत आहे, हेंहि पाहावें लागतें. सॅक्सनीच्या खाणकामगारांना चकविणाऱ्या त्या कोबोल्डानें त्यांच्या वंशजांना शिकविलेला धडा हाच होय.